हृदयातलं लोह: काही टिपणे

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त बनवता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लावावं लागतं. वर्षाला २५ पिशव्या धरल्या तरी पाच ग्रॅम लोह अंगात गेलं. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम असतं, आणि रोज बाहेर पडतं ते फार तर एक-दोन मिलिग्रॅम, आतड्याच्या आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशींबरोबर. जास्तीचं लोह टाकून द्यायची वाट माणसाच्या शरीराला नाहीच. आत आलं ते राहिलं: आधी यकृतात, मग स्वादुपिंडात, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत, आणि हृदयात.

स्वादुपिंडात साठलं की मधुमेह. पीयूष ग्रंथीत साठलं की उंची खुंटते, वयात येणं लांबतं. हृदयात साठलं की बराच काळ काहीच होत नाही. धोका तिथेच आहे.

*

धाराशिव जिल्ह्यातून रक्तासाठी निघालेली घरं चार दिशांना पांगतात. भूम-परंड्याची बार्शीकडे, तुळजापूर-उमरग्याची सोलापूरकडे, कळंबची लातूर किंवा अंबाजोगाईकडे. धाराशिवला सिव्हिल आहे, आणि २०२२ पासून जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पहाटेची एसटी, पिशवीत दशम्या आणि शेंगाचटणी, गेल्या गेल्या रक्तगट जुळवायला नमुना, मग पिशवी येईपर्यंत बाकावर बसणं, मग तीन-चार तास पिशवी टांगलेल्या स्टँडखाली. पोरं सरावलेली असतात. सिस्टर नवी असली तर शीर कुठल्या हातावर सापडते हे तीच तिला सांगतात.

या मुलांच्या फायली बघण्यासारख्या असतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, कोपरे दुमडलेल्या. प्रत्येक पिशवीची नोंद: तारीख, गट, किती मिली, ताप आला का. हिमोग्लोबिनचे आकडे आईला तोंडपाठ, साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही हेही पाठ. लोहाबद्दल विचारलं की फायलीतून एकच कागद निघतो, फेरिटिनचा, आणि तो बहुधा जुना असतो.

*

फेरिटिन, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्तातली पातळी, ही वाईट तपासणी नाही. स्वस्त आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते, दर तीन महिन्यांनी केली तर चढ-उताराचा अंदाज देते. हजाराच्या आत ठेवा, अडीच हजाराच्या वर सतत राहिलं तर हृदयाला धोका, असे ठोकताळे तिच्यावरच बसवलेले आहेत. पण फेरिटिन तापाने वाढतं, जंतुसंसर्गाने वाढतं, कावीळ झाली की वाढतं. सारखंच फेरिटिन असलेल्या दोन भावांपैकी एकाचं हृदय स्वच्छ आणि दुसऱ्याचं भरलेलं असू शकतं. दुष्काळी मुलखात हे समजावून सांगायला नको: ओढ्याला पाणी दिसलं म्हणून विहिरीची पातळी कळत नाही.

पूर्वी खरी पातळी बघायची तर यकृतात सुई घालून तुकडा काढायचे. रक्तस्रावाची भीती, आईबापांची नकारघंटा, आणि लोह सगळीकडे सारखं पसरलेलं नसल्याने तुकडा कुठून निघाला यावर उत्तर बदलायचं. हृदयाबद्दल तर त्यातून काहीच कळायचं नाही. सोनोग्राफीला लोह दिसत नाही. टू-डी इको हृदयाचं काम दाखवतो, साठा दाखवत नाही. इको बिघडेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

*

एमआरआयमध्ये दिसतं ते मुख्यतः अंगातल्या पाण्याचं चित्र, नेमकं म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचं. रेडिओलहरीचा धक्का दिला की ही केंद्रकं एका तालात संदेश देतात, मग हळूहळू ताल सुटतो आणि संदेश विझत जातो. साठलेलं लोह स्वतःच बारीक चुंबकांसारखं वागतं, आसपासचं चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं करतं. त्यामुळे ताल लवकर सुटतो आणि चित्र लवकर काळं पडतं. किती लवकर, ते मिलिसेकंदांत मोजायचं. त्या मापाला टी-टू स्टार म्हणतात.

लोह जास्त तर हा आकडा कमी. फेरिटिनच्या बरोबर उलट. गेल्या वर्षी २४ होता, यंदा ९ आला, म्हणजे उतरलं की, असं म्हणून समाधान मानणारा बाप हमखास भेटतो. त्याचा काय दोष? त्याला आजवर एकच आकडा शिकवला गेला, आणि तो खाली यायला हवा असाच शिकवला गेला.

*

तपासणी प्रत्यक्षात अशी होते. मुलाला टेबलावर उताणं झोपवतात, छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवतात, वरून कॉइल बांधतात, कानाला हेडफोन. यंत्राचा खडखडाट सुरू झाला की पहिल्या खेपेला पोर घाबरतं. मग स्पीकरमधून आवाज येतो: श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. त्या एका धरलेल्या श्वासात हृदयाच्या मध्यावरचा एकच काप आठेक वेळा टिपला जातो, धक्क्यानंतर साधारण दोन मिलिसेकंदांपासून अठरा मिलिसेकंदांपर्यंत, ठराविक अंतराने. ही चित्रं शेजारी-शेजारी लावली की निरोगी हृदयाचा स्नायू शेवटच्या चित्रातही राखाडी दिसतो. लोहाने भरलेला स्नायू तिसऱ्या-चौथ्या चित्रातच काळाठिक्कर पडतो.

मग रेडिओलॉजिस्ट माउसने हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर एक छोटा आकार आखतात. पडद्यावरच का? बाहेरच्या भिंतीला फुफ्फुसातली हवा आणि शिरा खेटून असतात, त्याही क्षेत्र बिघडवतात आणि लोह नसताना लोह असल्यासारखा आकडा येतो. आखलेल्या भागातली चमक आठ चित्रांत कशी उतरत गेली याची वक्ररेषा काढली की आकडा तयार. शिरेतून रंगद्रव्य सोडावं लागत नाही. क्ष-किरण नाहीत. फक्त श्वास धरता यायला हवा, म्हणून आठ-दहा वर्षांच्या पुढे भूल न देता सहज होतं. लोह काढणाऱ्या डेसफेराल औषधाचा पंप लावलेला असेल तर तो मात्र बाहेर काढून ठेवायचा.

त्याच बैठकीत यकृताचंही माप घेता येतं. त्याचा हिशेब वाळलेल्या पेशींच्या दर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम लोह, असा देतात: सातपर्यंत सौम्य, सात ते पंधरा मध्यम, पंधराच्या वर गंभीर.

*

हृदयाचे आकडे लंडनचे. रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या अँडरसन, पेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून ते बसवत नेले. २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदयात काळजी करण्याजोगं लोह नाही. १० ते २० म्हणजे साठायला लागलंय. १० च्या खाली म्हणजे धोका. त्याच कामातून आणखी एक गोष्ट निघाली, जी तेव्हाच्या डॉक्टरांना पचायला जड गेली असणार: फेरिटिनवरून किंवा यकृतातल्या लोहावरून हृदयातलं लोह ओळखता येत नव्हतं.

पुढे २००९ मध्ये त्याच गटाने ६५२ रुग्णांचा हिशेब मांडला. स्कॅननंतर वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी होऊ लागलं, त्यांतल्या ९८ टक्के रुग्णांचा टी-टू स्टार १० च्या खाली होता. ६ च्या खाली असलेल्यांपैकी तर जवळजवळ निम्म्यांना वर्षाच्या आत त्रास सुरू झाला. ब्रिटनमधल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत लोहामुळे होणारे मृत्यू २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ७१ टक्क्यांनी घटले, असं तिथल्या नोंदवहीवरून २००८ मध्ये दाखवलं गेलं. औषधं तीच होती, थोडीफार नवी. फरक बहुधा हा पडला की कुणाला जोर लावून औषध द्यायचं हे आता कळत होतं.

*

काळं चित्र म्हणजे लोहच, याची खात्री कशी केली? २०११ मध्ये १२ मानवी हृदयांवर. रक्तावर जगलेल्या रुग्णांची हृदयं, मृत्यूनंतर किंवा हृदयप्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली. आधी यंत्रात मोजली, मग स्नायूचे तुकडे करून रासायनिक पद्धतीने लोह मोजलं, दोन्ही जुळवून सूत्र बसवलं. आज रिपोर्टवर जो आकडा येतो त्याच्यामागे ही बारा माणसं आहेत.

*

आता आपल्या घरची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते.

लोह बाहेर काढायचं जुनं औषध म्हणजे डेफेरॉक्सामिन, म्हणजेच डेसफेराल. पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली सुई टोचायची, छोट्या पंपातून आठ ते बारा तास औषध जाऊ द्यायचं, आठवड्यातून पाच-सहा रात्री. महाग. आणि रोज रात्री पोराला टोचायचं कुणी, तर आईने. गावात वीज गेली, पंप अडला, पोर कुशीवर वळलं नि सुई निघाली, की ती रात्र वाया. हे औषध चांगलं असूनही भारतातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर राहिलं.

तोंडाने घ्यायची गोळी, डेफेरिप्रोन, इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल यांचं काम होतं. आणि जगात सर्वात आधी ती बाजारात आली ती भारतात, १९९५ च्या सुमारास, मुंबईच्या सिप्ला कंपनीची केल्फर म्हणून. युरोपने १९९९ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने थेट २०११ मध्ये. मधल्या काळात पाश्चात्त्य देशांत या गोळीवरून जोरदार भांडणं झाली. पांढऱ्या पेशी अचानक घटतात, सांधे दुखतात, हे खरंच होतं. यकृतातलं लोह डेसफेरालइतकं उतरत नाही अशीही तक्रार होती.

ते भांडण मिटायला हातभार लावला तो एमआरआयने. यकृताऐवजी हृदय मोजायला लागल्यावर दिसलं की गोळी घेणाऱ्यांची हृदयं डेसफेरालवाल्यांपेक्षा स्वच्छ आहेत. २००६ मध्ये इटली-ग्रीसमधल्या ६१ रुग्णांवरच्या चाचणीतही तेच आलं. म्हणजे आपल्या पोरांना, पंप परवडत नाही म्हणून, जी गोळी दिली जात होती ती हृदयापुरती सरस ठरली. ते आपल्याला माहीत नव्हतं, कारण मोजायची सोय तिकडे होती. औषध आधी इथे, मोजमाप आधी तिथे.

आणि या गोष्टीची दुसरी बाजू आजही तशीच आहे. केल्फर द्यायची, दिवसातून एकदा पाण्यात विरघळवून घ्यायचं डेफेरासिरॉक्स द्यायचं, की दोन्ही मिळून, हे ठरायला हवं ते हृदयातला आणि यकृतातला साठा बघून. हृदय भरलेलं असेल तर एक वाट, नुसतं यकृत भरलेलं असेल तर दुसरी. शिवाय यकृत काही महिन्यांत हलकं होतं, हृदयाला वर्षं लागतात. फेरिटिन उतरलं म्हणून डोस कमी केला आणि हृदय मात्र अजून भरलेलंच, असं होऊ शकतं. मोजल्याशिवाय दिलेला डोस हा अंदाजपंचे डोस आहे, मग तो कितीही मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेला असो.

*

आता लोह आत घालणारी गोळी, निळी. शाळेत आठवड्याला एकदा वाटतात, लोह आणि फॉलिक ॲसिडची. लहानग्यांना गुलाबी, गरोदर बाईला लाल. कार्यक्रम चांगला आहे, आपल्याकडच्या बायापोरींच्या अंगात रक्त नाही हे कुणी नाकारत नाही. पण वर्गातलं एखादं फिकट पोर थॅलेसेमियाचं असतं, आणि गोळी गिळल्याशिवाय बाई सोडत नाहीत. सरकारच्या सूचनांत माहीत असलेल्या थॅलेसेमियाच्या मुलांना वगळा असं आहे. ते शाळेपर्यंत पोचवायचं काम शेवटी आईवरच येतं. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी, हा साधा उपाय.

याहून फसवं प्रकरण वाहकांचं, म्हणजे दोष अंगात असून आजार नसलेल्यांचं. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईच्या रक्तपेशी लहान, हिमोग्लोबिन दहा-अकरा. रिपोर्ट बघून लोहाची कमतरता म्हणतात, तीन-तीन महिने टॉनिक चालतं, आकडा हलत नाही. साध्या सीबीसीच्या कागदावरच एक खूण असते: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागा, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्या. १९७३ पासून हे माहीत आहे. पक्कं निदान एचबी-ए-टूच्या तपासणीने.

*

मामाची पोर करायची पद्धत आपल्याकडे अजून सुटलेली नाही. त्यावर भाषण करण्यात अर्थ नाही, सोयरिकी भाषणांनी मोडत नसतात. पण घराण्यात एक मूल थॅलेसेमियाचं निघालं असेल तर त्या घराण्यातल्या पुढच्या प्रत्येक सोयरिकीआधी दोघांची एचबी-ए-टू व्हायला हवी. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. दर खेपेला चारात एक. ‘पहिल्याला झालं, आता पुढची तीन बिनघोर’ असं नसतं.

हा सिंध्यांचा, लोहाण्यांचा, कच्छी भानुशाल्यांचा आजार, हा समज मात्र टाकून द्यायला हवा. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं. पण देशभरात वाहकांचं प्रमाण तीन-चार टक्के मानतात, आणि ते प्रमाण लावलं तर २०११ च्या जनगणनेत १६ लाख ५७ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात ५० ते ६६ हजार वाहक निघतील. प्रत्यक्षात जातीजातींत, गावागावांत आकडा बदलेल. विदर्भात सिकलसेल जितका आढळतो तितका इथे थॅलेसेमिया निघेल असं मी म्हणत नाही. फक्त ‘आपल्यात नसतं’ हे उत्तर बाद.

*

मागास जिल्हा, आकांक्षित जिल्हा, दुष्काळी जिल्हा. या शिक्क्यांमुळे एक गोष्ट आपणच विसरतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची जगातली एक महत्त्वाची चाचणी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. १९९९ पासून, ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून जास्त बाया. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं काम. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा २००९ चा निष्कर्ष आजही जगभर सांगितला जातो. तुलनेच्या गटातल्या बायांची तपासणी केली नाही यावरून पुढे प्रश्न उठले, आणि ते रास्त होते. तरी दारोदार जाऊन नमुना घेणं, तो लॅबपर्यंत नीट पोचवणं, नोंद ठेवणं, पुन्हा त्याच बाईपर्यंत जाणं, हे सगळं इथल्याच माणसांनी, इथल्याच रस्त्यांवरून केलं. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत सीबीसीबरोबर एचबी-ए-टू करणं त्याहून अवघड असायचं काही कारण नाही.

*

परत यंत्राकडे.

लोक विचारतात, आमच्याकडे हे यंत्र कधी येणार? यंत्र आलेलं आहे. सोलापूर-लातूरची एमआरआय यंत्रं मणके आणि गुडघे बघण्यात दिवसभर गुंतलेली असतात. लागतो तो मोजणीचा क्रम बसवलेला, हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालणारी ईसीजीची जोडणी, आकडा काढणारं सॉफ्टवेअर, आणि ते वापरायचा सराव असलेला माणूस. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. पण चित्र जिथे काढलं तिथेच वाचलं पाहिजे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या सेंट पिअर यांच्या गटाने २००५ पासून यकृतातल्या लोहाच्या मोजणीची अशीच पद्धत बसवली: चित्रं जगात कुठेही काढा, इंटरनेटवरून पाठवा, आकडा तिकडून येतो. त्याला फी पडते, ती आपल्या घरांना झेपणारी नाही. पण परळची रक्तविकार संस्था किंवा बोरिवलीचं मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया केंद्र यांच्यासारख्या ठिकाणाहून मराठवाड्याची चित्रं वाचून द्यायची ठरवली, तर मधे अडचण तंत्राची राहत नाही.

२०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया आणि सिकलसेल दिव्यांगत्वात धरले. रक्त मोफत मिळायला हवं हे धोरण झालं, गोळ्याही बऱ्याच ठिकाणी मिळतात. वर्षातून एकदाचा हा स्कॅन मात्र बहुतेक घरं खिशातून करतात किंवा करतच नाहीत. पिशव्यांवर आणि गोळ्यांवर जो खर्च सरकार करतं त्याच्या शेजारी हा खर्च किरकोळ आहे, आणि त्याच्याशिवाय गोळ्यांचा खर्च नेमका लागू पडतोय की नाही हेही कळत नाही. रक्ताच्या योजनेतच वर्षाला एक टी-टू स्टार जोडावा, एवढी मागणी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली तरी पुष्कळ.

*

तोवर पालकांनी करायचं ते असं. मूल आठ-दहा वर्षांचं झालं की डॉक्टरांना स्वतःहून विचारा, हृदयाचा टी-टू स्टार कधी करायचा. वेळ ठरवण्याआधी सेंटरला फोन करून विचारा की हृदय आणि यकृत दोन्हीचा आकडा देता का. नुसता ‘पोटाचा एमआरआय’ करून घेऊ नका, पैसे जातील. यंत्र दीड टेस्लाचं आहे की तीनचं, हेही विचारा, कारण २० आणि १० या मर्यादा दीड टेस्लावरच्या आहेत, तीनवर तेच हृदय कमी आकडा दाखवतं. रिपोर्टवर ‘मध्यम प्रमाणात लोह आढळते’ एवढंच लिहिलं असेल तर परत जा आणि मिलिसेकंदांतला आकडा लिहून मागा. तो फायलीच्या पहिल्या पानावर तारखेसह उतरवा, आणि पुढच्या वर्षी शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करा.